कानबाईच्या रोटांचा वास

श्रावणात शेजारून कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट भाजल्याचा वास आला, की मला त्या सावकाराचा राग येतो आणि त्याहून जास्त स्वतःचा. बमरोलीतला माझा लूमचा कारखाना तेव्हा बुडाला होता. "कोर्टात नादारीचा अर्ज करा, तगादा थांबेल," असं वकील सांगत होते. पण त्या श्रावणात देवी आमच्याकडे बसणार होती; दिवाळखोराच्या घरी देवी बसली असं भाऊबंद म्हणतील, म्हणून मी सही टाळली आणि आणखी पैसे व्याजाने काढून विसर्जनाला बँड लावला. सकाळी बायको देवी डोक्यावर घेऊन निघाली, तोच सावकाराने मोटारसायकल आडवी घातली. "बाजा बजाने को पैसा है, ब्याज देने को नहीं?" बँड थांबला. डोक्यावर देवी असल्याने तिला मानही वळवता येईना, समोर बघतच ती मला म्हणाली, "तुमनं नाक मोठं शे ना? तेच द्या त्याले गहाण." भाऊबंद हसले. त्याच आठवड्यात मी अर्जावर सही केली. आता मी पलसाण्याला नोकरी करतो, कोर्टाने मला कर्जातून कधीच मोकळं केलंय. यंदा शेजारणीने देवी उचलायला बोलावलं, तेव्हा बायको नवं लुगडं नेसून निघाली. मीही चपला घातल्या. दारातच ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ. तुमनं नाक अजून गहाणच शे."