पंचाची शिट्टी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल सुनेनं अंगणवाडीतली सुकडी परतली आणि गुळाचा, भाजक्या पिठाचा तो वास घरभर झाला. मग टाळता आलं नाही.

दुष्काळाचं साल होतं. आखाडा बाळापूरजवळच्या शाळेत मी व्यायामशिक्षक होतो. फळ्यावर दूध, अंडी, केळी काढून सकस आहार शिकवायचो. समोरची पोरं सुकडीवर जगत होती. मी मात्र दोन्ही वेळा सरपंचांच्या घरी जेवायचो.

कबड्डीच्या जिल्हा शिबिरात एकच जागा उरली होती. तिथं महिनाभर पोटभर जेवण मिळणार होतं. त्या जागेसाठी सरपंचांचा मुलगा आणि सुकडीवर जगणाऱ्या पोरांतला गौतम समोरासमोर उभे राहिले. पंच मीच होतो. गौतम चढाईत त्याला शिवून परतला. 'कबड्डी, कबड्डी' हा त्याचा आवाज माझ्या कानाशी अखंड चालू होता. तरी मी शिट्टी वाजवली. "दम तुटला. बाद!"

"न्हाई सर, तुमी तर जवळच होते."

"सुकडीवर दम कुठून येईल रे?" मी म्हणालो. सगळं मैदान हसलं. तो तिथंच मातीत बसला. रात्री सरपंचांकडे मला दोनदा तूप वाढलं. मी खाल्लं.

खूप वर्षांनी तो वारंगा फाट्यावर भेटला. आपल्या लेकराला म्हणाला, "पाया पड. कबड्डीचे नियम आमाला या सरांनीच शिकवले." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

'गौतम, माझं चुकलं,' एवढंच म्हणायचं होतं. मी लेकराला विचारलं, "कितवीत आहेस?" आणि उत्तर न ऐकताच बसमध्ये चढलो.