पुठ्ठेबाई आणि मॉडेलवरचे गुण

कॉलेजात सगळे तिला पुठ्ठेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं. वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला ती डिझाइन शिकवायची, आणि तिच्या पिशवीत डबा एखादे वेळी नसेल, पण कटर आणि पुठ्ठ्याचे तुकडे हमखास असायचे.

स्वतः शिकत होती तेव्हा व्याख्यानं तिच्या डोक्यावरून जात. जिन्याचा छेद, म्हणजे उभा कापल्यावर दिसणारा नकाशा, फळ्यावर कितीदा पाहिला तरी पाटी कोरीच. शेवटी एका सरांनी तिच्यासमोर पुठ्ठा टाकला. "काप, आणि जिना उभा कर." जिना उभा राहिला आणि छेदही उलगडला. "तुझं डोकं बोटांत आहे," सर हसले होते. तेच सर आता विभागप्रमुख होते. तिला इथं नोकरीला आणलं तेही त्यांनीच.

यंदा विषयही त्यांनीच काढला. कुणी ऐकून शिकतं, कुणी पाहून, कुणी हातानं करून. मग सगळ्यांना एकाच फूटपट्टीनं का मोजायचं? "हातानं शिकणाऱ्यांना नकाशांऐवजी मॉडेलवर गुण देऊ. तू करून बघ, मी आहे पाठीशी."

तिला तेवढंच हवं होतं. तिनं वर्गातली काही मुलं वेगळी काढली. त्यांत एक डावखुरी मुलगी होती, सगळे तिला डावरी म्हणायचे. चारचौघांत बोलताना अडखळायची, पहिल्या वर्षी काठावर पास झालेली. "तू नकाशांच्या मागे लागू नकोस," पुठ्ठेबाई तिला म्हणाली, "मॉडेल कर." डावरीनं वाचनालय केलं. छप्पर उचललं की वाचायच्या टेबलांवर उजेड कसा उतरतो ते दिसायचं. पाहायला वरच्या वर्गातली मुलंही येऊन गेली.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांतल्या वडीलधाऱ्यांनी मॉडेलभोवती एक फेरी मारली.

"छान आहे. नकाशे कुठं आहेत?"

डावरीनं पुठ्ठेबाईकडे पाहिलं. पुठ्ठेबाईनं सरांकडे. सर चष्मा पुसत होते.

"हा बाईंचा वैयक्तिक प्रयोग," ते म्हणाले. "मी त्यांना बजावलं होतं."

त्या गटातली सगळी मुलं नापास झाली.

संध्याकाळी ती केबिनमध्ये गेली. "सर, आपलं ठरलं होतं."

"चहा पिताना बोललो असेन. नियम बदलणारा मी कोण? हे बाहेर गेलं असतं तर विभाग अडचणीत आला असता. तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही, काळजी करू नकोस."

"आणि मुलं?"

"बसतील पुन्हा."

घरी नवरा म्हणाला, "लेखी घ्यायचं होतंस."

"बापाकडून कुणी लेखी घेतं का?"

पण खरा घाव दुसऱ्या दिवशी बसला. डावरी मॉडेल न्यायला आली होती. या वेळी ती अडखळली नाही. "मॅडम, मला नकाशे येत होते. थोडा वेळ लागला असता, इतकंच. तुम्ही नको म्हणालात म्हणून मी काढले नाहीत."

सगळी सुट्टी पुठ्ठेबाईनं त्या मुलांना घेऊन घालवली. मॉडेल मधोमध कापायचं, कापलेली बाजू समोर ठेवायची आणि तोच छेद कागदावर उतरवायचा. मुलं आली, पण पूर्वीसारखी हसत-खिदळत नाही. फेरपरीक्षेत दोघं सोडून सगळी पास झाली. डावरीला उत्तम गुण पडले आणि तिनं दुसऱ्या सरांकडे गट बदलून मागितला.

"राग नाही मॅडम. पण आता तुम्ही सांगाल ते मी आधी तपासून बघेन."

"तसंच कर," पुठ्ठेबाई म्हणाली.

नव्या सत्राच्या पहिल्या बैठकीत सरांनी फेरपरीक्षेचा तो निकाल वाचून दाखवला. ज्याच्या-त्याच्या कलानं शिकवण्याची आपल्या विभागाची पद्धत, म्हणाले, आता फळ देऊ लागली आहे. टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी तिला कोपरानं ढोसलं. पुठ्ठेबाईनं पिशवी उचलली आणि बैठक संपायच्या आधीच ती वर्गावर निघून गेली.