गहू घातलेत, तुम्ही या

कुरडईचा चीक एकटीला हाटता येत नाही. एकीनं उकळत्या पाण्यात चीक ओतायचा आणि त्याच वेळी दुसरीनं जोर लावून हाटायचा. हात थांबला की गाठी झाल्याच. आमच्या घरात ओतायचं काम माझं आणि हाटायचं थोरल्या जाऊबाईंचं. माझं लग्न झालं तेव्हापासून हे असंच. पुढं घरं वेगळी झाली, पण मधे एक भिंतच होती, आणि कुरडयांच्या दिवशी दोन्ही घरांची चूल एकच पेटायची.

आता जाऊबाई संभाजीनगरला लेकाकडे राहतात. भिंतीपलीकडच्या घराला कुलूप आहे. माझे मालक गेले त्याला वर्ष होऊन गेलं. लेक तिच्या सासरी. गेल्या उन्हाळ्यात मी काही वाळवण केलं नाही. यंदा मात्र एका सकाळी उठून गहू भिजत घातले. एवढ्या कुरडया खाणार कोण, हे मनातच आलं नाही. गहू घातले म्हणजे जाऊबाई येतील, एवढंच आलं.

पण त्यांना सांगायचं कसं? फोनवर मला बोलणं सुचत नाही. त्या विचारतात, "बरी हायेस ना?" मी म्हणते, "बरी हाय." मग त्यांच्या मागून टीव्हीचा आवाज येत राहतो. फोन ठेवला की सगळं आठवतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी गव्हाचं पाणी बदललं आणि मोबाइल घेऊन शेजारच्या सुनेकडे गेले. ती डी.एड. झालेली. हळदीकुंकू असो की कोणाचा सत्कार, गावात माईक तिच्याच हातात असतो.

"गहू घातलेत, कुरडयाला या, असं लिही," मी म्हणाले.

"काकू, बस एवढंच? हे तर किराणा सांगितल्यावानी वाटतं. थांबा, मी मस्त लिहून देते."

तिनं भराभर लिहिलं आणि वाचून दाखवलं. "आदरणीय जाऊबाई, नाती ही रेशमी धाग्यांनी विणलेली असतात. जीवनाच्या तप्त वाटेवर आपला स्नेह म्हणजे शीतल सावली. स्मृतींच्या हिंदोळ्यावर झुलताना मन आजही आपल्या सहवासासाठी व्याकुळ होते." खाली दोन गुलाब टाकले.

"यात गहू कुठं हाय?" मी विचारलं.

"त्याईला समजंल ना काकू. बरोबर समजंल," म्हणत तिनं ते पाठवूनही दिलं.

घरी येऊन मी ते पुन्हा वाचलं. मी चौथीपर्यंत शिकले, अक्षर लावून वाचते. अर्ध्या शब्दांचा अर्थ लागला नाही, पण जे कळलं नाही ते जास्तच चांगलं असणार असं वाटलं. मालकांच्या दहाव्यालाही लोक असंच बोलले होते. ते कोणाबद्दल बोलतात हे मला कळत नव्हतं, तरी मी पदर डोळ्याला लावून बसले होते. मोठ्या वेळेला मोठे शब्द लागत असतील. आपलेही शब्द आता तसेच झाले म्हणून मला लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

संध्याकाळी जाऊबाईंचं उत्तर आलं. जोडलेले दोन हात आणि एक फूल. हात जोडले म्हणजे येते म्हणाल्या, असं मी धरलं. मग तिसऱ्या दिवशी गहू वाटले, चीक गाळला, रात्रभर निवळायला ठेवला. सकाळी वरचं पाणी काढलं. चूल पेटवली, आधण ठेवलं. जाऊबाईंना आवडतो म्हणून चीक खायला वाटी-साखरही काढून ठेवली.

संभाजीनगरची पहिली गाडी फाट्यावर कोणाला न उतरवता पुढं भोकरदनकडे निघून गेली. दुसरीही गेली. पाणी उकळून उकळून आटत राहिलं. पाणी भरायला आलेली म्हातारी ओट्याशी थांबली. "पाव्हण्या येणार होत्या न्हवं?" ती म्हणाली. "का नुसतं पाणीच वाळू घालतीस?"

मी हसले. ती गेल्यावर चूल विझवली. आज चीक झाला नाही तर तो आंबेल, फेकून द्यावा लागेल. त्याहीपेक्षा, हात जोडूनही त्या आल्या नाहीत म्हणजे त्यांना आता यायचंच नसेल, हे मला सहन होईना. मी मोबाइलचं बोलायचं बटण दाबून धरलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"आक्का, मी गहू घातले होते. चीक तयार हाय. मला एकटीला हाटता येत न्हाई. तुम्ही या."

पाठवल्यावर वाटलं, किती कोरडं बोललो आपण.

लगेच त्यांचा आवाज आला. "अगं, मंग आधी का न्हाई सांगितलं? चिकावर गार पाणी घालून ठेव, आणखी एक दिवस राहतो. उद्या पहिल्या गाडीनं येऊन राह्यले मी."

आल्या. पिशवीतून स्वतःचा सोऱ्या काढला, पदर खोचला आणि चुलीपुढं बसल्या. मी ओतायला लागले.

"ते रेशमाचे धागे कुठून काढले गं?" हाटता हाटता त्यांनी विचारलं.

"शेजारच्या सुनेनं लिहिलं."

"मला वाटलं, कुठून तरी फिरत आलेलं तू पुढं ढकललं. आमच्या बिल्डिंगमधल्या बाया रोज सकाळी असलंच पाठवतात. मी सगळ्यांला हात जोडते. न्हाई जोडले तर रुसतात."

"मला वाटलं, तुम्ही येते म्हणाल्या."

त्या इतक्या हसल्या की हात थांबला. "हाटा, गाठी होतील," मी म्हणाले. मग दोघीही हसलो. चीक काचेसारखा झाला. थोडा आंबूस होता, पण वाटीभर खाल्ला त्यांनी. दुपारपर्यंत गच्चीभर कुरडया घातल्या.

त्यांच्या सुनेची सकाळची ड्युटी, नातवाला सांभाळायला कोणी नाही, म्हणून त्यांना संध्याकाळीच निघावं लागलं. मी फाट्यापर्यंत गेले. सांगायचं खूप होतं. कुलपाकडे बघून बघून कशी संध्याकाळ होते, एकीसाठी भाकरी थापताना पीठ कसं जास्तच मळलं जातं. गाडीचे दिवे लांबून दिसायला लागले आणि मला काहीच जुळवता येईना.

"आक्का, मला करमत न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मलाबी," म्हणाल्या.

गाडी आली. त्या चढल्या, खिडकीशी जागा मिळाली. गाडी वळेपर्यंत त्या बघत होत्या.

घरी आले तेव्हा अंधार पडला होता. कुरडया वरून सुकल्या होत्या, खालून ओल्या. सकाळी ऊन चढायच्या आत त्या उलटायच्या होत्या. त्या कामाला एकच माणूस पुरतं.