शून्य ऊर्जेच्या कोण-अवस्था

सांगलीला एम.एस्सी.ला आले तेव्हा माझ्या तोंडात 'ण' नव्हता. आमच्या गावात, मलकापूरच्या पलीकडे, पानी, आनि, कोन असंच बोलतात. पहिल्याच आठवड्यात वर्गातली मैत्रीण म्हणाली, "बाई गं, पाणी म्हण, पाणी! जीभ वर लाव जरा." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण तेव्हापासून जीभ जिथं 'न' म्हणेल तिथं 'ण' ठोकायचा, असा मी नियमच करून टाकला.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट मिळाला टोपोलॉजिकल अतिवाहकांचा, म्हणजे एका जातीच्या सुपरकंडक्टरांचा. मला तो नीट सांगता येतो की नाही, अजून शंका आहे. एक पातळ चौकोनी पत्रा समजा. त्याच्या आत शून्य ऊर्जेला इलेक्ट्रॉनांची एकही अवस्था सापडत नाही. कडांवरही नाही. फक्त चार कोपऱ्यांत, बरोबर शून्यावर, एकेक अवस्था बसून राहते. पत्र्यात थोडीफार खोट असली तरी ती हलत नाही. प्रोजेक्टच्या सरांनी हे फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा मी वहीत काही लिहिलंच नाही, नुसती बघत राहिले.

माझं काम एवढंच, की कॉम्प्युटरवर तसा पत्रा मांडायचा आणि ती चार शून्यं दाखवायची.

ती येईनात. शून्याच्या जवळचे आकडे यायचे, शून्य नाही. चिन्हं तपासली, प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून लिहिला. सर म्हणाले, "पत्रा लहान आहे तुझा. कोपरे एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणून अवस्था एकमेकींत मिसळतायत. मोठा कर." मोठा केला की माझा लॅपटॉप अडकून बसायचा. विभागातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर माझा नंबर लागेना.

इकडे घरी ठरलं होतं. चुलत्यांनी शिरवळच्या एका कंपनीत माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. आमच्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोनवर म्हणाले होते, "प्रोजेक्ट पार पडला तर फुडं शीक. न्हाई पडला तर सोमवारपास्नं शिरवळ. मग रडायचं न्हाई."

सादरीकरणाला बाहेरचे परीक्षक आले होते. आमच्या विभागात पहिल्या स्लाइडवर शीर्षक मराठीतही द्यायची पद्धत आहे. ते स्क्रीनवर आलं आणि परीक्षकांनी चष्मा वर केला.

"कोण-अवस्था?" ते म्हणाले. "कोण?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मला काहीच कळेना.

"म्हणजे कोपऱ्यातल्या, सर."

"मग कोन म्हणा. कोण म्हणजे हू."

त्रिकोणात 'ण' असतो, म्हणून इथंही असणारच, असं मी धरून चालले होते. जन्मापासून तोंडात असलेला बरोबर शब्द मी स्वतःच्या हातानं खोडून चुकीचा लिहिला होता. लाज वाटली, पण त्याहून जास्त दमल्यासारखं झालं. वाटलं, आता मला माझ्या कुठल्याच शब्दाची खात्री देता यायची नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "शून्य कुठाय यात?"

"नाही आलं, सर. पत्रा मोठा केला की आकडा खाली जातो. पण शून्य... नाही आलं."

"किती झपाट्यानं खाली जातो, ते काढलंय?"

नव्हतं काढलं. मी आकडा शून्य होण्याचीच वाट बघत बसले होते. खरं तर ठराविक मापाच्या पत्र्यावर तो अगदी शून्य होणारच नव्हता, नुसता जवळ जात राहणार होता. तो कसा जवळ जातो, हेच दाखवायचं होतं. हे मला तिथं उभं राहिल्यावर समजलं. परीक्षक आमच्या सरांशी हळू बोलले आणि म्हणाले, "तो आलेख काढा. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघतो. पास करीन असं म्हणत नाही."

बाहेर व्हरांड्यात येऊन अण्णांना फोन लावला.

"अण्णा, शून्य आलं न्हाई."

"न्हाई आलं?" त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग बरंच झालं की! मी म्हनलं, शून्य मिळालं का काय."

मी हसायला हवं होतं. मला रडूच आलं. शून्य यायलाच हवं होतं, हे कसंबसं सांगितलं. पुन्हा बोलावलंय तेही सांगितलं, आणि पास होईनच असं नाही, तेही. त्यांच्या मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"आगं, पन सोमवार हाय न्हवं? तवर तुजी जागा धरून कोन बसनार?"

कोन. त्यांच्या तोंडी तो किती सरळ आला.

"कुनी न्हाई, अण्णा," मी म्हणाले. "जाऊ द्या जागा. पोरगी हितंच थांबती म्हना काकांना... मी थांबते."

ते व्हय म्हणाले नाहीत, न्हाईही म्हणाले नाहीत. फोन ठेवला. मी आत गेले, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर बाकावर बसले आणि माझा नंबर कधी लागतो ते विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "सांगता येत नाही, बसा." मी बसले. मांडीवर लॅपटॉप उघडला, शीर्षकातला 'ण' खोडला, 'न' लिहिला. त्या दिवशी माझ्या हातानं बरोबर झालेलं तेवढंच.