सामन्याकडे पाठ करून

पाचूबंदरचा पास्कू गेल्याची बातमी मला भाऊकाकांनी आणली. भाऊकाका माझे सख्खे चुलते. जन्म सगळा केळीच्या आणि पानवेलीच्या बागांत गेलेला, आणि हुतुतूच्या बाबतीत आमच्या वाडी मंडळाचे इतके कट्टर की पाचूबंदरची मासळी रोज खातील, पण पाचूबंदरच्या माणसाला चांगलं म्हणायचे नाहीत. त्या सकाळी ते माणिकपूरच्या बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आले आणि माझ्या पडवीत बसून राहिले. मासळी मिळाली नाही का, असं मी विचारलं. "होती. घेववली नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पास्कू गेला रे पहाटे... गेल्या रविवारचं आमचं भांडण अर्धंच राहिलंय." एवढं बोलून त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, आणि घाम पुसल्यासारखं केलं. या गोष्टीला आता पाच आठवडे होतील. लिहायला उशीर झाला, कारण लिहायचं ते नुसतं पास्कूबद्दल नाही, माझ्याबद्दलही आहे.

ज्यांना आमच्याकडची हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वसईच्या आमच्या बाजूला त्या काळी हुतुतूची दोन मंडळं होती. त्यांची खरी नावं लांबलचक होती आणि फक्त पावतीपुस्तकावर असत. लोक त्यांना ‘वाडी’ आणि ‘बंदर’ म्हणत. वाडीत आम्ही बागायतदार, बंदरात म्हणजे पाचूबंदरला कोळी, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही. सामना कोण जिंकला यावर फारसा वाद होत नसे, कारण ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असे. वाद व्हायचा तो सामना बघायला माणसं किती आली यावर. वाडीचे लोक म्हणायचे, आमच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. बंदरचे म्हणायचे, आमच्याकडे माणूस होडीच्या काठावर बसून सामना बघत होता. तिकीट नाही, दरवाजा नाही, त्यामुळे झाकली मूठ सव्वा लाखाची. भाऊकाका आणि पास्कू हे या वादातले दोन म्होरके. "भाऊ, तुझ्या वाडीत मानसं येतात ती केळी खायाला," पास्कू म्हणायचा, "सामना बघनारी मानसं बंदरावर येतात." त्यावर भाऊकाकांचं ठरलेलं उत्तर असे की बंदरावर माणसं येतात ती वारा खायला, आणि सामना मध्ये आडवा येतो म्हणून बघतात. दर रविवारी बाजारात, मासळीच्या पाटीच्या दोन बाजूंना उभं राहून हे चाले, आणि पास्कूची बायको रेजिनवहिनी मधल्या मधे मासे तोलून देऊन मोकळी होई.

पास्कू मासेमारीतला जाणता माणूस, अंगाने किडकिडीत, आवाजाने मात्र दोन माणसांचा. बंदरात होडी लागली की पापलेट, रावस, घोळ जे काही मोजून द्यायचं ते पास्कूने मोजायचं, असा रिवाज होता. वीस नग झाले की एक शिंपली खिशात टाकायची. वीस म्हणजे एक कोडी. तोंडाने गप्पा चालू, कुणाच्या मुलीच्या लग्नाची चौकशी चालू, आणि हात मोजतोय. त्याची मोजणी कुणी दुसऱ्यांदा करत नसे. तशी गरजच पडत नसे. घरात दागिना असावा तसा तो विश्वास त्याच्याकडे होता, आणि पास्कू तो जपून वापरी.

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात तालुक्याचा अंतिम सामना आमच्या भागात घ्यायचं ठरलं. मैदानं दोन, दोन्ही मंडळं हटून बसलेली. तालुक्याच्या पंच कमिटीने तोडगा काढला की दोन्ही मैदानांवर एकेक सामना घ्यावा, आणि जिथे माणसं जास्त येतील तिथे अंतिम सामना. प्रत्येक बाजूने एक मोजणारा द्यावा. बंदरने पास्कू दिला यात नवल नव्हतं. वाडीने मला दिलं. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, वाडी आणि बंदर दोन्हीकडची मुलं माझ्या वर्गात होती, आणि कागद-पेन्सिल हातात धरलेला माणूस खोटं बोलत नाही अशी तेव्हा लोकांची समजूत होती.

मोजायचं कुणाला, यावर आठ दिवस रण माजलं. झाडावर बसलेले धरायचे की नाही? भाऊकाका म्हणाले, झाडावर असतात ती फळं. पास्कू म्हणाला, फळं टाळ्या वाजवत नाहीत. झाडावरचे धरायचं ठरलं. बापाच्या खांद्यावरचं पोर धरायचं नाही, खाली उतरलं तर धरायचं. सगळ्यात वादाचा प्रश्न बायकांचा. मासळी विकून परत येणाऱ्या बायका बंदरच्या मैदानाशी थबकायच्या. त्या प्रेक्षक की वाटसरू? शेवटी असं ठरलं की डोक्यावरची पाटी खाली ठेवली तर ती बाई सामना बघतेय, पाटी डोक्यावरच असेल तर नुसती थांबलीय. हा नियम पास्कूने सुचवला आणि तो इतका बरोबर होता की भाऊकाकांनाही तो मान्य करावा लागला. त्या दिवशी ते घरी येऊन बराच वेळ चिडलेले होते.

हा वाद वरवर पोरकट दिसतो, पण बंदरच्या लोकांचा जीव त्यात वेगळ्या कारणाने अडकला होता. त्यांचं मैदान म्हणजे खाडीलगतची मोकळी जागा, पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायची. ती मिठाच्या गोदामासाठी कुणाला तरी मिळणार अशी कुणकुण होती. अंतिम सामना तिथे झाला, मामलेदारसाहेब येऊन एवढा समाज बघून गेले, तर जागेला हात लावायचं कुणाच्या मनात येणार नाही, असा बंदरचा हिशेब होता. आम्हाला वाडीत हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

पहिला सामना आमच्या वाडीत झाला. तिथे मी पास्कूची मोजण्याची रीत पहिल्यांदा जवळून पाहिली. हुतुतूवर जीव टाकणारा हा माणूस सामन्याकडे पाठ करून उभा राहिला. तोंड प्रेक्षकांकडे. कोण चढाईला गेला, कोण बाद झाला, हे तो समोरच्या चेहऱ्यांवरून ओळखायचा. मी विचारलं, पास्कूभाऊ, एकदाही वळून बघावंसं वाटत नाही? "बघितलं तर मोजनी गेली," तो म्हणाला. "एका वेळी एकच काम होतं, मास्तर." त्या दिवशी त्याचा आणि माझा आकडा एकमेकांना चिकटून आला. वाडीची मोजणी सहाशे दहावर बंद झाली आणि दोघांनी ती मान्य केली.

दुसऱ्या रविवारी सामना बंदरावर. मी मैदानाच्या अलीकडच्या बाजूला वही घेऊन उभा राहिलो, पास्कू मैदानाच्या कडेने फिरत होता, तसाच सामन्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून. दोघांनी सगळं मैदान मोजायचं होतं. मध्यंतरापर्यंत मी इमानाने रेघा मारल्या. मध्यंतरानंतर पास्कूचा पुतण्या जुजे चढाईला आला. जुजेचा दम सगळ्या वसईत नावाजलेला... लहानपणापासून पाण्याखाली बुडी मारून राहणारा मुलगा. आमचे चार गडी त्याच्यावर पडले आणि तो त्यांच्यासकट रेघेकडे सरकत होता, आणि तोंडातून हुतुतू तुटत नव्हतं. मी बघत राहिलो. जो खेळाचा शौकीन आहे त्याला सांगायला नको. जुजेचा हात रेघेला लागला तेव्हा भानावर आलो, आणि पाहतो तर कुणाला मोजलं, कुणाला नाही, काही कळेना. लोक उठून पुढे आले होते, झाडावरचे खाली उतरले होते. पुन्हा सुरुवात करायला वेळ उरला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, त्यानंतरही मी सामनाच बघितला.

शिटी वाजल्यावर मी वहीत आकडा लिहिला पाचशे त्रेचाळीस. पाचशे चाळीस लिहिणार होतो, पण गोल आकडा खोटा वाटेल म्हणून वर तीन लावले. हे तीन मला अजून आठवतात.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर कमिटी बसली. पास्कूने खिसा उलटा करून शिंपल्या जमिनीवर मांडल्या आणि वरची सुटी माणसं तोंडाने सांगितली. त्याचा आकडा वाडीच्या वर जात होता. मी वही पुढे केली. कमिटीचे अध्यक्ष एक निवृत्त अव्वल कारकून होते, आयुष्यभर कागदावर जगलेले. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "शिंपली चुकून दोनदा खिशात जाऊ शकते. रेघ कागदावर असते, ती मोजून बघता येते." त्यांनी वही उघडून रेघा मात्र मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर अर्ध्यावरच संपल्या असत्या. बंदरचे लोक गलका करू लागले. मी मान खाली घालून उभा. पास्कू एक शब्द बोलला नाही. त्याने खाली बसून शिंपल्या एकेक करून गोळा केल्या आणि घरी गेला. मला वाटलं, आपलं निभावलं. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं.

अंतिम सामना वाडीत झाला. भाऊकाकांनी केळी वाटली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत बंदरच्या मैदानाला तारेचं कुंपण पडलं. सामना तिथे झाला असता तरी जागा गेलीच असती कदाचित. गोदामं काही हुतुतू बघून थांबत नाहीत. पण हा ‘कदाचित’ मला फार सोयीचा आहे, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास नाही. बंदरची मुलं मग बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या मधल्या वाळूत खेळायला लागली आणि मंडळ हळूहळू मोडलं. पास्कूच्या वाट्याला जे आलं ते याहून वाईट होतं. त्याला मोजता येत नाही अशी चेष्टा त्याच्याच आळीत सुरू झाली. कुणी शिंपली दाखवून डोळा मारायचं. वर्षभरात होडीवरची मोजणी दुसऱ्याकडे गेली. तो भांडला नाही. बाजारात भाऊकाकांशी मात्र पूर्वीसारखाच भांडायचा, गर्दीवरूनच, आणि मला बघितलं की हाक मारून माझ्या पिशवीत मूठभर जास्तीची मांदेली टाकायचा. मी घ्यायचो. घेताना लाज वाटायची, पण घ्यायचो.

मयताला मी आणि भाऊकाका बरोबरच गेलो. चर्चमध्ये, म्हणजे त्यांच्या बोलीत देवळात, मिसाची प्रार्थना चालू होती आणि माणसं अंगणात ओसंडली होती. भाऊकाका माझ्या कानाशी लागले, "बघ, वाडीची माणसं जास्त आहेत." शेजारी बंदरचा एक म्हातारा उभा होता. तो डोळे पुसता पुसता म्हणाला, "भाऊ, तुझी सगळी भायेर हायत, आमची आत हायत. आतली दिसतात व्हय तुला?" मी फाटकाजवळ गेलो, बाहेर निघालेल्या शवपेटीकडे पाठ केली आणि येणारा एकेक माणूस मोजला. पाटी खाली ठेवून आलेल्या बायका धरल्या. खांद्यावरची पोरं सोडली. पास्कू शेवटचा माझ्या मागून गेला आणि मी त्याला पाहिलं नाही.

सातव्या दिवशीची मिसा झाल्यावर रेजिनवहिनींच्या घरी गेलो. ओसरीवर जाळं तसंच अर्धं विणलेलं पडलं होतं. मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. सुरुवात कशी करावी ते सुचेना, म्हणून म्हणालो, वहिनी, मयताला किती माणसं होती ते मी मोजलंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "या वेळेला मोजलंस व्हय," त्या म्हणाल्या.

त्याच पुढे म्हणाल्या, "त्या सामन्याच्या दिवशी तो घरी आला तवा बोलला मला. तो मानसांकडं तोंड करून फिरत होता ना... त्यात एक मानूस तू पन होतास. जुजे चढाईला गेला तवा तुझी पेन्सिल थांबली ती शेवटपर्यंत थांबली, त्यानं बघितलं." मी विचारलं, मग कमिटीसमोर का नाही बोलले? रेजिनवहिनी उठल्या, ओसरीवरचं जाळं एका बाजूला सारलं. "मी पन तेच विचारलं. तर बोलला, मास्तराला खोटा ठरवला तर आपल्या पोरांना पाढे कोन शिकवील? मैदान जाईल तर जाईल. शाळा एकच हाय."

घरी येऊन मी भाऊकाकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिही. पेपरात लिही. आणि आकडा नीट लिही." म्हणून लिहितो आहे. त्या रविवारी बंदरच्या मैदानावर बत्तीस कोड्या आणि सात माणसं होती. सहाशे सत्तेचाळीस. वाडीपेक्षा सदतीस जास्त. मोजणारा पास्कू होता, आणि त्याची मोजणी बरोबर होती.