राखेतला ब्लॉक

"आधी भ्या, मंग हात लावा," असं म्हणून मिस्त्री ट्रॅक्टरच्या इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ दहिवलीच्या त्यांच्या शेडमध्ये कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे. हाताखालून एवढे जुने ट्रॅक्टर गेलेला माणूस असा भित्रा कसा, याचं तुम्हालाही नवल वाटलं असतं.

आमचा ट्रॅक्टर म्हणजे तात्यांचा, माझ्या वडिलांचा, जीव की प्राण. त्या बनावटीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, आता भंगारातही मिळत नाही. एकदा त्याचं ऑइल चहासारखं दुधाळ झालं, म्हणजे आत पाणी उतरत होतं. मिस्त्रींनी इंजिन उतरवलं, ब्लॉकला रॉकेल चोळून पुसलं आणि वरून खडूची पूड लावली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली.

"तडा हाय," म्हणत ते मटकन खाली बसले. तडा आमच्या ब्लॉकला आणि घाम त्यांना!

ब्लॉक ओतीव लोखंडाचा, बिडाचा. तो कोळशावर तापवायचा, गरम असतानाच तडा भरायचा आणि लगेच भाताच्या तुसाच्या राखेत पुरायचा. दोन दिवस उघडायचा नाही, कारण वारा लागला की बीड उलतं. पोशीरच्या गिरणीतलं तूस जाळून त्यांनी राख केली होती. ब्लॉक पुरल्यावर ते ढिगाऱ्याशेजारीच बसून राहिले. पंखासुद्धा बंद. "बोलू नका रं," एवढंच अधूनमधून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तोंड धुवायला गेले. मी चाळिशीचा बाप्या, पण मला राहवलं नाही. नीट झालंय ना, एवढंच बघायचं होतं. वीतभर राख बाजूला सारली.

टण्ण!

मिस्त्री ओल्या तोंडाने दारात उभे होते. त्यांनी राखेकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"मिस्त्री, तात्या मला..."

"हात धू रं आधी," ते म्हणाले.

दुपारी तात्या आले. "घाई केली मी, तात्या. चूक माजी हाय," मिस्त्रींनी सांगून टाकलं. तात्या त्यांना नाही नाही ते बोलले. मी शेजारीच उभा होतो, स्वच्छ हातांनी.

मिस्त्रींच्या हातातलं कसब गेलं, ही बातमी खालापूरपर्यंत पोचली. जुने ट्रॅक्टरवाले दुसरीकडे जाऊ लागले. आज सांगू, उद्या सांगू, असं मी रोज ठरवायचो आणि तात्यांचा चेहरा दिसला की माझी पाचावर धारण बसायची. रस्त्यात भेटले की मिस्त्रीच मला विचारायचे, "बरा हायस ना रं?" त्या प्रश्नाचीही मला भीती वाटायची.

यंदा मिस्त्री गेले. स्मशानातून परतताना तात्या म्हणाले, "कान सोन्याचा होता रं त्याचा. शेवटी घाई नडली."

"हो," मी म्हणालो.