माशाच्या गोळीलाही वार असतो

माझी आई सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी मासे खात नाही. तापात नाही, बाळंतपणात नाही, कधीच नाही. रत्नागिरीहून येताना तिने हे वार सोबत आणले आणि मीरा रोडच्या चौथ्या मजल्यावरही ते जसेच्या तसे पाळले. उरलेल्या दिवशी मात्र आमच्याकडे बोंबील असे तळले जातात की समोरच्या गुजराती बेन खिडकी लावून घेतात. खिडकीचा आवाज झाला की आई मला म्हणते, "गॅस मोठा कर रे जरा."

गेल्या वर्षी तिच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बाकीच्या औषधांसोबत माशाच्या तेलाच्या सोनेरी कॅप्सूल लिहून दिल्या. रक्तातली चरबी फार वाढली होती. आई इतकी खूश झाली की विचारू नका! जन्मभर खाल्लेल्या बांगड्यांवर डॉक्टरची सही झाल्यासारखी ती मजल्यामजल्यावर सांगत सुटली.

पुढच्या तपासणीत चरबी जेमतेम उतरली होती.

"माताजी, कॅप्सूल रोज लेते हो ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज," आई ठणकावून म्हणाली. "सोमवार, गुरुवार, शनिवार छोडके."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "दवाई का वार नहीं होता, माताजी."

"दवाई का नहीं होता. मछली का होता है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"और अभी श्रावण आयेगा," आईने भर घातली. "पूरा महीना बंद."

मग डॉक्टरांनी आवाज चढवला. असंच चाललं तर पुन्हा ॲडमिट व्हावं लागेल म्हणाले. आईचा चेहरा उतरला. तिला जगायचं होतं, नातीचं लग्न बघायचं होतं. पण वार मोडून नव्हे. तिने पदराचं टोक मुठीत धरलं, तेव्हा मी पंख्यावरची नजर खाली आणली.

शेवटी डॉक्टरांनीच मार्ग काढला. असंच तेल समुद्रातल्या शेवाळापासूनही काढतात म्हणाले.

आईने उलटतपासणी सुरू केली. "उसको आँख होता है?"

"नहीं."

"काटा?"

"नहीं, माताजी."

"मग लिहा."

मी विजयी वीरासारखा डबी घेऊन घरी आलो. आई ती दाखवायला थेट समोरच्या बेनकडे गेली. बेननी शेवाळ-बिवाळ काही वाचलं नाही. त्यांनी सवयीने डबी उलटी केली, कोपऱ्यातली खूण पाहिली आणि किंचाळल्या, "मासी, ये तो ब्राउन है! नॉनवेज!"

खरंच होतं. तेल शेवाळाचं होतं, पण वरचं कवच जनावराच्या हाडाकातड्यापासून केलेल्या जिलेटिनचं. आईने डबी निखाऱ्यासारखी माझ्या हातात टाकली. त्याच संध्याकाळी दोघी निघाल्या, मागे पिशवी घेऊन मी. प्रत्येक मेडिकलमध्ये बेन डबी उलटी करायच्या, आई मान हलवायची आणि दुकानदार माझ्याकडे दयेने पाहायचा. हिरव्या ठिपक्याची डबी सापडली तेव्हा दोघींनी काउंटरवरच एकमेकींना मिठी मारली. बोंबिलांची आठवण कोणी काढली नाही.

डॉक्टरांनीही ती डबी पाहून होकार दिला. आई अख्खा श्रावण हिरवी गोळी एकही दिवस न चुकवता घेत होती. पुढे माशांचे दिवस सुरू झाले तेव्हा खाण्याच्या वारी सोनेरी आणि पाळण्याच्या वारी हिरवी, अशी तिने घडी बसवली. या वेळच्या रिपोर्टात चरबी हवी तेवढी उतरली. सगळ्याच औषधांचा तो गुण, असं डॉक्टर म्हणतात. आईचं मत अर्थातच वेगळं आहे.

परवा आम्ही त्यांच्याकडे नंबर लावून बसलो होतो. आतून डॉक्टरांचा आवाज आला. ते दुसऱ्याच कुठल्या तरी आजींना विचारत होते, "माताजी, पहले ये बताइए, वार कौन कौन से?"

आईने पदर सारखा केला, ताठ बसली आणि सगळ्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. मीही ताठ बसलो. तिचा मुलगा आहे मी, रांगेला माहीत असलेलं बरं.